भांडं रिकामं जात नाही

"आई, कोण गेलं गं?"

डिलॉयनं दुधासाठी फ्रिज उघडला होता आणि आत दुधाला जागाच नव्हती. वरच्या कप्प्यात तीन, मधल्यात दोन, खालचे भाजीचे डबे काढून तिथं आणखी एक. सगळी काचेची पसरट भांडी, सगळ्यांवर चंदेरी कागद. डिलॉय नोरीनचा नवरा. अकरा पोरं झाल्यावर बायकोला 'आई' म्हणायची सवय लागली ती लागलीच.

"कुणी गेलं नाही," नोरीन म्हणाली. "उलट एक परत आलाय."

तेवढ्यात बेल वाजली. दारात शेजारची जोलीन, हातात काचेचं पसरट भांडं, डोकं एका खांद्याकडं कललेलं. आमच्या गावात एवढं डोकं फक्त मयताच्या घरी कलतं.

"काही लागलं तर सांग हं, नोरीन."

"फ्रिज लागेल. मोठा."

जोलीनला ते कळलं नाही. तिनं भांडं हातात दिलं, नोरीनचं मनगट दाबलं आणि हळू पावलांनी गेली. नोरीननं कागद उचलून पाहिलं. मयताचे बटाटे. सातव्यांदा.

आमच्याकडं कुणी पुरलं गेलं की चर्चच्या मागच्या हॉलात जेवण असतं, आणि त्या जेवणात हे बटाटे नसले तर मेलेला माणूस उठून विचारेल. किसलेले बटाटे, आंबट साय, मूठमूठ चीज, वर लोण्यात परतलेला कॉर्नफ्लेक्सचा चुरा. चव अशी की काही म्हातारे ओळख नसलेल्या मयतालाही ओळख काढून येतात. नोरीननं आजवर दीडेकशे मयतांचे बटाटे केले असतील. अकरा वर्षं ती चर्चच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. दुःख आलं की बटाटे पाठवायचे, हे गावाला तिनंच लावलेलं वळण. आता ते वळण वळून तिच्याच दारात आलं होतं.

तिचा धाकटा, ट्रेंट, मंगळवारी परत आला होता. एकोणीस वर्षांचा. आमची पोरं एकोणिसाव्या वर्षी काळा सूट घालून, छातीला नावाची पट्टी लावून दोन वर्षं मिशनवर जातात. परक्या गावात दारं वाजवतात, देवाचं सांगतात. नोरीनचे पाच मुलगे जाऊन आले. डेन्मार्क, ब्राझील, जपान, आणि दोघं टेक्सासला. जिन्याजवळच्या भिंतीवर पाचांचे फोटो, एकाच साच्यातल्या विटांसारखे. एप्रिलमध्ये सहावा लागला. ऑगस्टमध्ये सहावा घरी.

त्याच्या हातून काही वावगं झालं नव्हतं. पण हे गावाला कोण सांगणार, आणि सांगितलं तर ऐकणार कोण? झालं एवढंच की मिशनसाठी पाठवलं होतं त्या ओहायोत त्याची झोप गेली. मग दार वाजवायला हात उचलला की हात थरथरायला लागला. मग एक दिवस तो कुणाच्या तरी पायरीवर बसला आणि तीन तास उठलाच नाही. तिथल्या मिशनच्या साहेबानं प्रेमानं पाठीवर हात ठेवला आणि विमानात बसवलं.

आल्यापासून तो तळघरात होता. वर त्याची खोली तशीच असताना खाली, गव्हाच्या डब्यांच्या आणि पीचच्या बरण्यांच्या मधे खाट टाकून झोपत होता. आमच्या प्रत्येक घरात वर्षभराचं धान्य साठवलेलं असतं, कधी वाईट दिवस आले तर म्हणून. नोरीननं चाळीस वर्षं ते कोठार भरलं. वाईट दिवस असा बाहेरून येऊन त्यातच खाट टाकून झोपेल, हे मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

बुधवारी ती त्याला जेवण घेऊन खाली गेली तेव्हा तो म्हणाला, "आई, मी शनिवारी एल्कोला जातो. शाळेतला केव्हिन तिथं गॅरेजात आहे, तो म्हणतो काम आहे."

नोरीननं ताट खाटेवर ठेवलं. आणि वाईट वाटायच्या आधी, डोळा लवतो तेवढाच वेळ, तिला हायसं वाटलं. शनिवारी गेला तर रविवार नाही. चर्चमधली ती मान कलती करून बघणारी दोनशे डोकी नाहीत.

"बस किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"चारला."

जिना चढून वर आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. ते तिनं डिलॉयलाही सांगितलं नाही. डिलॉय टर्की पाळतो आणि टर्कीच्या जुलाबापासून सगळं तिला सांगतो. तिनंही आजवर त्याच्यापासून काही लपवलं नव्हतं. हे लपवलं.

कारण तिला ठाऊक होतं, असे गेलेले परत येत नाहीत. पलीकडच्या गल्लीतल्या वर्डाचा लाइल असाच मिशनवरून मधेच आला, महिन्याभरात गेला. सतरा वर्षं झाली. बापाच्या मयताला आला तेव्हा चर्चच्या आत पाय ठेवला नाही, गाडीत काच वर करून बसला होता.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला पुन्हा मयताचे बटाटे. डिलॉयनं काटा ठेवला. "आई, आणखी दोन दिवस हे खाल्लं तर खरंच कुणीतरी जाईल. मीच."

नोरीनला हसू आलं, आणि हसता हसता एक खोडी सुचली.

शुक्रवारी सकाळी तिनं फ्रिज मोकळा केला. उरलेले बटाटे टर्कींच्या कुंपणात गेले. मयताच्या जेवणाला चारशे टर्की बसल्याचं गावात अजून कुणाला ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. मग तिनं भांडी घासली, तळघरातून पीचच्या बरण्या आणल्या, आणि दहाच्या आत ओव्हनमधून पीचचा गरम केक सात भांड्यांत भरून ओट्यावर ठेवला.

"ट्रेंट! वर ये."

तो आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

"भांडी पोचवायची आहेत."

"आई, मी नाही कुठं जाणार."

"मग काय तुझा बाप जाईल? त्याच्या अंगाला टर्कीचा वास येतो. भांडं दुसऱ्याचं आहे, ठेवून कसं घेणार? आणि रिकामं कसं पाठवणार?"

आमच्याकडं हा नियमच आहे. आलेलं भांडं परत जातं आणि रिकामं जात नाही. घरात काही नसलं तर चार बटाटे टाकून जातं, पण रिकामं जात नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर बाईचं नाव असतं, म्हणजे गडबड नाही. नोरीनच्या उभ्या आयुष्यात तिचं एकच भांडं गेलं ते परत आलं नाही, आणि तेही वर्डाकडून. मंडळात त्यावरून ती सतरा वर्षं बायकांना हसवत होती. कुणाचं काही हरवलं की म्हणायची, "वर्डाकडं गेलं असेल. विहिरीत पडलेला लोटा, आता विसरा!"

"सात दारं आहेत," ती ट्रेंटला म्हणाली. "वाजवायची, भांडं द्यायचं, यायचं. देवाचं काही बोलायचं नाही. केक देवापेक्षा लवकर गार होतो."

ट्रेंटच्या ओठाचा एक कोपरा हलला. मंगळवारपासून पहिल्यांदा.

त्यानं गॅरेजातून लहानपणीची लाल हातगाडी काढली. नोरीन खिडकीत उभी राहिली. जोलीनचं दार पहिलं. तो पायरीवर उभा राहिला. हात उचलला. हात तसाच हवेत. नोरीननं ओट्याची कड धरली. मोजायचं नाही ठरवूनही तिनं मोजलं, एकवीसपर्यंत. मग त्यानं दार वाजवलं.

परत यायला त्याला दोन तास लागले. गाडीत भांडी नव्हती. हे एवढाले हिरवेगार झुकिनी होते, दुधीसारखे, मांडीएवढे.

"हे काय रे?"

"प्रत्येकीनं दोन-दोन दिले. नको म्हटलं तर गाडीत टाकले."

"अरे देवा! ऑगस्टमध्ये गाव झुकिनी खपवायला आंधळा-पांगळा शोधत फिरतं. त्यांना तू सापडलास!"

"आणि म्हातारे ब्रदर ओल्डरॉइड मला अजून एल्डर म्हणतात, मिशनवरच्या पोरांना म्हणतात तसं. म्हणाले, एल्डर, मिशन संपलं? मी म्हटलं, नाही, मधेच सोडलं. ते म्हणाले, काय? मी ओरडून सांगितलं, मधेच सोडलं! सगळ्या गल्लीनं ऐकलं."

"मग?"

"मग ते म्हणाले, मी पियानो मधेच सोडला. बायको अजून बोलते." ट्रेंट हसला. मग हसू पुसून म्हणाला, "बरं होतं, आई. एवढं वाईट नव्हतं. पण उद्या मी जाणार."

"जा ना. मी कुठं धरलंय?" असं म्हणत ती सिंककडं वळली, कारण तोंड दाखवायचं नव्हतं. तिथं आठवं भांडं होतं.

हे भांडं मंगळवारीच आलं होतं, सगळ्यांच्या आधी. बेल न वाजवता कुणीतरी पायरीवर ठेवून गेलं होतं, वर स्वच्छ फडकं. आत बटाटे नव्हते. दालचिनीचे गोड रोल होते, वर साखरेचा पाक, अजून कोमट. पोरगं परत आलं की आई करते ते. ट्रेंटनं आल्यापासून भूक लागून काही खाल्लं असेल तर ते रोल. पण बुडाला नाव नव्हतं. ट्रेंटनं भांडी देता देता सात घरी त्याचं विचारलं होतं, सातही जणी नाही म्हणाल्या होत्या.

नोरीन ते घासायला लागली. बुडाला जुनं जळकं होतं, ते तारेच्या घासणीनं खरवडलं. आणि खालून लाल रंगाचे दोन ठिपके निघाले.

ती थांबली. चिकटपट्ट्या येण्याआधी ती स्वतःच्या भांड्यांना नखाला लावायच्या लाल रंगाचे दोन ठिपके द्यायची. गावात दुसरं कुणी देत नव्हतं.

तिनं हात पुसले आणि खुर्चीवर बसली. तिला सगळं आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलेलंच नव्हतं, फक्त त्या बाजूला बघायची ती टाळत होती. सतरा वर्षांपूर्वी, लाइल परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, मंडळाची नवी अध्यक्ष नोरीन वर्डाच्या दारात उभी होती. हातात हेच भांडं. आत मयताचे बटाटे. डोकं एका खांद्याकडं कललेलं.

शनिवारी जेवणं झाल्यावर ती ते भांडं घेऊन निघाली. निघण्याआधी तळघरात उभी राहिली, ओट्यापाशी उभी राहिली. पीच? रोल? रोलच्या बदल्यात रोल? काहीच बरोबर वाटेना. शेवटी भांडं तसंच काखेत घेतलं.

वर्डा मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. वाळकी, ताठ बाई, नवरा गेल्यापासून एकटी. तिनं वर पाहिलं, भांड्यात पाहिलं.

"रिकामं आणलंस?"

"काय भरायचं ते सुचलं नाही."

"तुला सुचलं नाही? बस मग. हे नवीनच."

नोरीन बसली. तिनंही मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

"सतरा वर्षं ठेवलंस," नोरीन म्हणाली.

"बटाटे फेकले. भांडं फेकवेना. चांगलं भांडं होतं." वर्डानं एक शेंग मोडली. "लोटा विहिरीतून कधीतरी निघतोच."

नोरीनचे कान तापले. "तुला कळलं होतं?"

"चर्चच्या भिंती पातळ आहेत, आणि तुझा आवाज जाड आहे. आठवतं, तेव्हा दारात काय बोलली होतीस?"

नाही आठवत म्हणणं सोपं होतं. "आठवतं," नोरीन म्हणाली. "म्हणाले होते, वाईट वाटून घेऊ नकोस, कुणाच्याही घरात होतं. आणि म्हणाले, आमचा कर्टिस मात्र डेन्मार्कमध्ये फार छान करतोय."

"लाइल जिन्यावर उभा होता."

शेंगांचं भांडं भरलं. वर्डानं ते बाजूला सारलं.

"तुझ्यामुळं नाही गेला तो, घाबरू नकोस. तुझी एवढी ऐपत नाही. माझ्यामुळं गेला. रविवारी सकाळी मी त्याला म्हटलं, दमला असशील, आज घरीच पड. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. चौथ्या रविवारी खाट रिकामी. मला त्याच्याशेजारी बाकावर बसायची लाज वाटत होती, नोरीन. मी कधी बोलले नाही, पण पोरांना कळतं."

नोरीननं मनगटाकडं पाहिलं. घड्याळात अडीच वाजले होते.

"तुझा कधी निघतोय?"

"चारच्या बसनं."

"मग माझ्याकडं काय करतेस? ऊठ!" वर्डा म्हणाली. "आणि ते भांडं घेऊन जा. तुझंच आहे."

घरी ट्रेंटची बॅग दाराशी होती. डिलॉय अंघोळ करून, भांग पाडून, खुर्चीत अवघडून बसला होता. नोरीननं ट्रेंटच्या वाटेसाठी सकाळी केलेले रोल त्या भांड्यात गच्च भरले, वर फडकं बांधलं, आणि पोरासमोर येऊन उभी राहिली.

"ट्रेंट, बुधवारी तू शनिवारी जातो म्हणालास ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. डोळा लवतो तेवढाच वेळ. पण वाटलं होतं."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तू का जातोस असं विचारलंच नाहीस. बस किती वाजता, ते विचारलंस."

डिलॉयनं खाली स्वतःच्या बुटांकडं पाहिलं.

"तो प्रश्न मागं घेते," नोरीन म्हणाली. "दुसरा विचारते. उद्या चर्चमध्ये माझ्याशेजारी बसशील? मला तू शेजारी हवा आहेस."

ट्रेंटनं बॅगेचा पट्टा घट्ट केला. "उद्या नाही, आई. अजून नाही जमणार. श्वास अडकतो."

"बरं." तिनं मान हलवली. "मग जा. काम कर, झोप, चार घास खा. पण कसा जाणार आहेस?"

"मागच्या बाजूनं. कालव्याच्या कडेनं."

"कालव्यानं चोर जातात आणि डिलॉयच्या पळालेल्या टर्की. आपण मेन स्ट्रीटनं जायचं."

आणि ते निघाले. शनिवारी दुपारी साडेतीनला, जेव्हा सगळं गाव अंगणात गवत कापत असतं. पुढं डिलॉय बॅग घेऊन, मागं नोरीन पोराच्या दंडात हात घालून. गवताची यंत्रं एकेक करून बंद होत गेली. "कसं काय, सिस्टर बॅग्ली! हा ट्रेंट, एल्कोला निघालाय, गॅरेजात काम मिळालंय!" नोरीनचा जाड आवाज आज पुरेपूर कामी येत होता. जोलीन कुंपणाशी आली, डोकं आपोआप खांद्याकडं कललं.

"जोलीन," नोरीननं विचारलं, "मानेला काही झालंय का गं?"

जोलीनची मान ताडकन सरळ झाली. ट्रेंटला हसू आवरेना, तो तोंड फिरवून हसला. ब्रदर ओल्डरॉइडनं पायरीवरून टोपी उंचावली, "एल्डर, परत जातोस होय? शाब्बास!" ट्रेंटनं ह्या वेळी दुरुस्त केलं नाही. चर्च सांभाळणारे बिशप ब्लेन आपल्या टायरच्या दुकानातून काळे हात पुसत बाहेर आले, काही न बोलता डिलॉयच्या हातातली बॅग घेतली आणि बस थांबते त्या पेट्रोल पंपापर्यंत सोबत चालत आले.

बस आली. नोरीननं भांडं त्याच्या हातात दिलं. बुडाचे दोन ठिपके तिनं निघायच्या आधी नव्यानं रंगवले होते. रंग अजून पुरता वाळला नव्हता, त्याच्या अंगठ्याला लागला.

"भांडं परत आणायचं," ती म्हणाली.

"त्यात काय भरून आणू? मला तर काही करता येत नाही."

नोरीननं त्याची कॉलर सरळ केली. पाच पोरांची केली होती तशीच.

"रिकामं आण," ती म्हणाली. "चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नोरीन आणि डिलॉय चर्चमध्ये डाव्या हाताच्या सहाव्या बाकावर बसले. हा बाक पूर्वी तेरा माणसांनी भरायचा, कडेचं पोर अर्धं बाहेर लोंबायचं. आता दोघंच. पर्स ठेवायला जागाच जागा, तरी नोरीननं पर्स मांडीवर घेतली.

गीतांची पुस्तकं उघडली, पेटी वाजायला लागली. सतरा वर्षं शेवटच्या बाकावर बसणारी वर्डा मधल्या वाटेनं ताठ चालत पुढं आली आणि सहाव्या बाकापाशी थांबली. नोरीनच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं तिनं बोट केलं.

"इथं कुणी बसलंय?"

"हो," नोरीन म्हणाली. "ट्रेंट."

आणि डिलॉयला कोपरानं सरकवून तिनं दुसऱ्या बाजूला जागा केली. "तू इकडं बस."